तेराव्यानंतरचं दुःख

भोर शहराला लागून असलेल्या उत्रोलीत, किंवा नीरेच्या आणि वेळवंडीच्या खोऱ्यातल्या कुठल्याही गावात, माणूस गेलं की पुढचे दिवस कसे काढायचे हे आधीच ठरलेलं असतं. मातीला भावकी जमते. तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात, प्रवचन होतं, तेराव्याला गोडाचं जेवण होऊन दुखवटा संपतो. या दिवसांत बायकांनी मोठ्यानं रडावं अशी अपेक्षाच असते. सासरहून आलेली लेक किंवा बहीण उंबऱ्यापासूनच हेल काढते, घरातल्या बायका तिच्या गळ्यात पडतात, आणि गेलेल्या माणसाचे गुण, त्याची माया, त्याची अर्धवट राहिलेली कामं त्या सुरात बोलून होतात. रात्री भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन बसतं. ही सगळी व्यवस्था तेरा दिवसांची. चौदाव्या दिवशी पाव्हणे आपापल्या गावी जातात, गोठ्यातल्या जनावराला चारा घालावाच लागतो, रोपं लावणीला आलेली असतात. दुःख मात्र पंचांग पाहून जात नाही. ज्या बाईचा तरणा मुलगा गेला तिला तो चौदाव्या दिवशीही आठवतो आणि चौदा वर्षांनीही. या लांबलेल्या दुःखाची सोय या डोंगराळ मुलखानं कुठे केली होती, हा इथला प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की ती सोय जात्याजवळ होती, गिरणी आल्यावर ती मोडली, आणि ध्वनिमुद्रणानं व चित्रीकरणानं तिचा आवाज वाचवला असला तरी ती सोय अजून कुणी पुन्हा उभी केलेली नाही.

चित्र आणि सूर यांच्या मदतीनं शोकातून सावरायचं, ही कल्पना आज शहरी समुपदेशन केंद्रांतून, कार्यशाळांतून नवी म्हणून सांगितली जाते. तिचा इथला इतिहास जुना आहे, फक्त त्यात चित्र एकीकडे आणि सूर दुसरीकडे असे दोन वेगळे प्रवाह होते. चित्र दगडात होतं. मावळातल्या अनेक गावांत देवळापुढे किंवा वेशीजवळ वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत पडलेला वीर, तिच्या वर लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. खालून वर वाचत जायची ही दगडी चित्रमालिका म्हणजे शोकाला दिलेला एक क्रम आहे: तो पडला, पण लढून पडला, त्याला नेलं, तो पोचला. गुरं राखताना किंवा गाव वाचवताना मेलेल्या माणसाच्या घरच्यांना या चार चौकटींनी काय दिलं असेल, हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मृत्यूचा तो एक क्षण सतत डोळ्यांपुढे येत राहतो तेव्हा त्या क्षणाच्या पुढचं चित्र दाखवणं हीच मोठी मदत असते. अडचण इतकीच की वीरगळ सगळ्यांसाठी नव्हता. बाळंतपणात गेलेल्या सुनेचा वीरगळ नसतो. पटकीत गेलेल्या पोरांचा नसतो. बाईला दगडावर जागा मिळते ती बहुधा सतीशिळेवर, आणि तिथेही पुष्कळदा तिचा चेहरा नसतो. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एक हात तेवढा असतो.

चित्र आणि सूर एकत्र आणणारी कलाही महाराष्ट्रात होती, पण ती भोर किंवा शेजारच्या वेल्हे तालुक्यात नव्हे, घाटाखाली दूर सिंधुदुर्गात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून टाळ, हुडूक, वीणा यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता, आणि ही परंपरा टिकवल्याबद्दल पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पण तिथेही दुःख सीतेचं, द्रौपदीचं. ऐकणारीचं स्वतःचं नव्हे. थेट एखाद्या घरातल्या मृत्यूसाठी चित्र काढण्याची रीत मला माहीत आहे ती संथाळांमध्ये. तिथला जादूपटुआ मृताचं चित्र काढून घरी आणतो, त्यात डोळ्यांची बुबुळं सोडून देतो, आणि घरच्यांनी दक्षिणा दिल्यावर ती भरतो. मृताला परलोकात वाट दिसावी म्हणून हे चक्षुदान. या दूरच्या उदाहरणातून एक गोष्ट कळते. शोक करणाऱ्याला नुसतं पाहायचं नसतं, त्याला काहीतरी करायचं असतं. मेलेल्या माणसासाठी अजून एक काम शिल्लक आहे असं त्याला वाटायला हवं असतं.

भोर-वेल्ह्याच्या बायकांकडे ते काम रोज पहाटे होतंच. जातं दोघी समोरासमोर बसून ओढत. एकीनं ओवीचा पहिला चरण काढायचा, दुसरीनं तो उचलायचा. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं वैरण घालायची. पहिली ओवी देवाला, मग माहेराला, भावाला, लेकीला, आणि मग ज्याचं त्याचं. या मुलखातली ओवी बहुधा दोन ओळींची असते, पण गाताना ती दोन ओळींची राहत नाही. गळा लावला की शब्द परततात, मध्ये ‘बाई’ येतं, पालुपद येतं, अर्धा चरण पुन्हा म्हटला जातो. तीच ओवी वेगळ्या गळ्यात वेगळी वाटते. दगडाची गती ओवीच्या गतीला बांधते, आणि ओवीची गती श्वासाला. रडताना श्वास तुटतो. ओवीला श्वास पुरवून वापरावा लागतो. म्हणून जात्यावर तोंडातून निघालेलं दुःख हेल काढून निघालेल्या दुःखापेक्षा मुळातच वेगळं असतं, आणि हा फरक फारसा कुणी लक्षात घेतलेला नाही. हेल पहिल्या दिवसांचा, चारचौघांतला, ऐकणाऱ्यांना आपल्यात ओढणारा. ओवी महिन्यांनंतरची, वर्षांनंतरची, अंधारातली, ऐकणारी एकच आणि तीही त्याच कामात गुंतलेली. समोरची बाई तोंडाकडे पाहत नाही, उपदेश करत नाही, विषय बदलत नाही. ती पुढचा चरण उचलते.

हे मी कल्पनेनं रचतो आहे असं कुणी म्हणू नये, कारण याचा पुरावा एखाद्या गावापुरता नाही, प्रचंड आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीमार्फत गावोगावचं साहित्य छापून घेतलं. पण सर्वांत मोठं काम पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांतूनच सुरू झालं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पुढे इथलेच झालेले गी पॉइटविन यांनी 1980च्या दशकात डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांच्या संघटनेबरोबर काम करता करता बायकांच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पुण्यात त्यांनी उभ्या केलेल्या ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’मार्फत हे काम दोन दशकांहून अधिक चाललं आणि एक लाख दहा हजारांवर ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक त्यात आले; त्यांनी त्या ओव्यांची संगणकीय सूची बांधली आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलं. 1993 ते 1998 या काळात युनेस्कोची मदतही या कामाला मिळाली. पॉइटविन 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं 2017 पासून या ओव्या आवाजासह आणि अनेक ठिकाणी गाणाऱ्या बायकांच्या चित्रफितींसह लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली.

या साठ्यातले विषय पाहिले की लांबलेलं दुःख कुठे राहत होतं ते स्पष्ट दिसतं. आई गेल्यावरचं माहेर, भाऊ न येण्याची खंत, कुंकू पुसल्यावर घरात बदललेली जागा, लेकीच्या सासरचा काच. आणि या सगळ्यांच्या वर सीता. सीतेचा वनवास हा जात्यावरचा फार मोठा विषय आहे. तिचा त्याग, रानातलं तिचं बाळंतपण, रामानं तिच्याशी कसं वागायला नको होतं ते. सीतेच्या ओव्यांवरून आपल्या भावाच्या ओव्यांवर येताना बाई थांबत नाही. एकाच दळणात दोन्ही येतात. आपलं दुःख सरळ उच्चारणं जिथे शक्य नव्हतं, कारण सासू दोन हातांवर झोपलेली असे, तिथे सीतेचं नाव आड येई आणि तरी सगळं बोलून होई. बाबासाहेब आंबेडकर 1956 साली गेल्यावर दलित स्त्रियांनी त्यांच्यावरच्या ओव्या दशकानुदशकं गायल्या. तो शोक कोट्यवधींचा होता, त्याच्यासाठी सभा झाल्या, पुतळे झाले. तरी घरातलं माणूस गेल्यासारखं त्यांना आठवायची जागा जात्यापाशी राहिली. याहून स्पष्ट साक्ष कुठली हवी?

आणखी एक प्रकारचं दुःख या तालुक्यांत आहे, ज्याला तेरावंच नसतं. भाटघरचं लॉइड धरण 1920च्या दशकात पुरं झालं, पुढे नीरा देवघर झालं, वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पानशेत, वरसगाव, गुंजवणी. भाटघरच्या पाण्यात वर्षातले बहुतेक महिने बुडालेलं कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. गाव बुडालं तर दहावा कुणी घालत नाही. मुंबईला हमालीला गेलेला नवरा वर्षातून एकदा येतो, तेव्हा त्याच्या नसण्याचा दुखवटा कुणी पाळत नाही. जिथे विधी नाही तिथे दुःखाला आकार मिळत नाही, आणि आकार नसलेलं दुःख माणसाला आतून जास्त पोखरतं. जात्यावरच्या ओवीला विधीची परवानगी लागत नव्हती. कुठल्याही नुकसानीला तिथे जागा होती.

आता यात बरं करणारं नेमकं काय होतं? बहुतेक लोक म्हणतील, मन मोकळं करणं. हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि आधुनिक संशोधनही त्याला पुरता पाठिंबा देत नाही. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नाही, उलट वाईट वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे जाणं कमी झालं. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम खरा पण लहान निघाला. दुसरीकडे, अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून घ्यायचं, ही एके काळी फार प्रचलित असलेली पद्धत 2002च्या कॉक्रेन आढाव्यात निष्फळ ठरली. एका चाचणीत तर काही जणांची अवस्था त्यानं बिघडलेली दिसली. याचा अर्थ नुसतं ओतून टाकणं पुरत नाही. पुन्हा पुन्हा, थोडं थोडं, एका घाटात बसवून, आणि पुष्कळ दिवस ते करावं लागतं. ओवीचं सगळं शास्त्र यातच आहे. एका पहाटेत दुःख संपत नाही. दळण तेवढं संपतं. उद्या पुन्हा दळण आहे. फ्रॉइडनं 1917 मध्ये लिहिलं की शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं. 1996 मध्ये क्लास, सिल्वरमन आणि निकमन यांनी त्याच्या उलट दाखवलं की अनेक शोकाकुल माणसं नातं तोडत नाहीत, त्याला नवं रूप देतात. जात्यावरच्या बायका या दुसऱ्या बाजूच्या. मेलेल्या आईशी त्या दर पहाटे बोलत, आणि त्यात कुणाला आजार दिसत नव्हता.

यावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत रास्त. जातं म्हणजे हाल. तीन-चार वाजता उठून, उपाशी पोटी, गरोदरपणातही ओढायचं. ज्यानं कधी ओढलं नाही त्यानं त्याचे गोडवे गाऊ नयेत. मान्य आहे, आणि गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला तो योग्यच होता. जातं परत आणावं असं कुणीही म्हणू नये. पण कष्टाबरोबर दोन गोष्टी नकळत गेल्या, ज्या कष्ट नव्हत्या: रोजची एक अडवून ठेवलेली वेळ, आणि समोर बसलेली दुसरी बाई. गिरणीत दळण टाकायला जाताना बाई एकटी जाते, आवाज इंजिनाचा असतो, वेळ रांगेची. आज जातं निघतं ते लग्नात हळद दळायला. म्हणजे आनंदाच्या प्रसंगी त्याची जागा राहिली, दुःखाची गेली. हे मुद्दाम कुणी केलं नाही, पण झालं.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. ओवीनं बायकांना सोसायला शिकवलं, बदलायला नाही. दुःख हलकं करून तिनं सासरचा अन्याय टिकवला. यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. अनेक ओव्यांत नशिबाला दोष आहे, सटवाईला आहे, अहेव मरणाची आस आहे. पण त्याच साठ्यात रामाला जाब विचारणारी बाई आहे, आणि लेकीचा जन्म म्हणजे कसायाला दिलेली गाय असं म्हणणारा संताप आहे. राईरकर आणि पॉइटविन यांनी ओव्या केवळ जपून ठेवायला गोळा केल्या नाहीत. डोंगरातल्या कार्यकर्त्या बायकांच्या बैठकांत त्या गायल्या जात, त्यांच्यावर बोललं जाई, आणि आपल्या आयांनी हे असं का गायलं असेल यावर वाद होई. एकट्या घरात जे सोसणं होतं ते बैठकीत विचार झालं. ओवी सोसायला शिकवते की प्रश्न विचारायला, हे तिच्याभोवती कोण बसलं आहे त्यावर ठरतं.

तिसरा आक्षेप कॅमेऱ्याबद्दल. ओवी अंधारासाठी होती. तिला दिव्याखाली, यंत्रापुढे, अनोळखी माणसासमोर आणलं की ती प्रदर्शन होते, आणि जिवंत दुःखाचा नमुना होतो. मला या आक्षेपाबद्दल आदर आहे, आणि काही चित्रफिती पाहताना तो खरा वाटतो. बाई मोठ्यानं गाते, शेजारणी हसतात, मागे कुणीतरी मोबाइल धरून उभं असतं. तरीही ध्वनिमुद्रणानं एक अशी गोष्ट केली जी त्याआधी कशानंही केली नव्हती. वीरगळावर बहुधा नाव नसतं. जुन्या छापील संग्रहांत ओवीखाली बहुधा गाणारीचं नाव नसे, ती ‘लोकांची’ म्हणून छापली जाई. या साठ्यात मात्र ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव आहे. तीन हजारांहून अधिक बायकांची, हजाराहून अधिक गावांतली. सतीशिळेवर जिचा हात तेवढा होता तिचा इथे आवाज आहे, आणि चित्रफितीत चेहरा. माझ्या मते मावळाच्या इतिहासात दुःखाचं चित्र आणि दुःखाचा सूर एकाच साध्या बाईच्या नावावर पहिल्यांदा एकत्र आले ते इथे. ते आले कारण नोंदवणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं त्या गावांत काढली होती आणि गाणारी बाई त्यांना ओळखत होती. ओळखीशिवाय धरलेला कॅमेरा हे करू शकत नाही, म्हणून आक्षेप कॅमेऱ्यावर नव्हे, घाईवर घ्यायला हवा.

कुणी असंही विचारेल की आता गावोगाव मोबाइल आहेत, लोक आपलं दुःख स्वतःच दृक्‌श्राव्य करतात, मग जुन्या ओव्यांची गरज काय? हे खरं आहे. माणूस गेल्यावर तासाभरात फोटो, फुलांची चौकट आणि एखादं गाणं जोडलेली चित्रफीत तयार होते, ती स्टेटसला लागते. चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स उभा राहतो. शहरातले लोक याला नाक मुरडतात ते मला पटत नाही. ज्या पोरानं आज्याचा फोटो कापून, त्यावर आज्याच्या आवडीचा अभंग लावला, त्यानं रात्र जागून आज्यासाठी एक काम केलं आहे, आणि शोकात काम लागतं हे आपण पाहिलंच. पण हे जुन्या हेलाच्या जागी आलेलं आहे, ओवीच्या जागी नाही. स्टेटस चोवीस तासांत जातं. फ्लेक्स महिन्याभरात उतरतो किंवा फाटतो. पहिल्या तेरा दिवसांचं दुःख मांडायची साधनं आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. चौदाव्या दिवसापासूनच्या दुःखासाठी जवळजवळ काहीच नाही. वर्षश्राद्धाचं कीर्तन तेवढं उरलं आहे, आणि तेही बहुतेक पुरुष ठरवतात.

साने गुरुजींचं उदाहरण इथे आठवतं. बायकांच्या ओव्या गोळा करणाऱ्या या माणसानं 1933 साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या आईचा शोक ‘श्यामची आई’त लिहिला, तोही रात्रीच्या गप्पांच्या रूपात, समोर ऐकणारे मित्र बसवून. आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये त्याचा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि अंधाऱ्या थिएटरात अनोळखी माणसांच्या शेजारी बसून दोन पिढ्या आपापल्या आईसाठी रडल्या. मराठी माणसानं चित्र आणि आवाज यांच्या साहाय्यानं शोक केला त्याचं हे सर्वांत मोठं उदाहरण. अंधार, सोबत, दुसऱ्याच्या आईआडून आपली आई: सगळ्या जात्याच्याच अटी. फक्त एक अट तिथे पुरी होत नाही. थिएटरात आपल्याला पुढचा चरण उचलता येत नाही.

आणखी एक शंका उरते: याला उपचार म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ओवी गाणाऱ्या किती बायका सावरल्या आणि किती नाही, याचं मोजमाप कुणी केलेलं नाही, आणि आता होणारही नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला ओवी ऐकवून भागत नाही. त्याला डॉक्टर हवा आणि भोरसारख्या तालुक्यात तो वेळेवर मिळायला हवा. पण दुःख हा आजार नाही. बहुतेक माणसांना डॉक्टरची नव्हे, एका वेळेची आणि एका सोबतीची गरज असते. फिनलंडमध्ये कॅरेलियन बायकांची शोकगीतं जवळजवळ संपली होती. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे लोक एकत्र जमून ती पुन्हा शिकू लागले, स्वतःच्या दुःखावर नवी रचू लागले. तिथेही कुणी जुने दिवस परत आणत नाही. आवाज परत आणतात.

आपल्याकडे तर आवाज आधीच मुद्रित आहे. अडचण ही की तो जिथून निघाला तिथे तो पोचलेला नाही. संकेतस्थळावर ओवी ऐकणारा बहुधा पुण्या-मुंबईचा अभ्यासक असतो, भोरच्या वाडीतली सून नव्हे. यासाठी मोठा निधी किंवा संग्रहालय लागत नाही. भोर आणि राजगड तालुक्यांतल्या ज्या गावांच्या ओव्या या साठ्यात आहेत त्यांची यादी करता येईल. ग्रामपंचायतीत, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत त्या ऐकवता येतील. गाणारी हयात नसेल तर तिच्या घरच्यांना तिचा आवाज देता येईल. ज्या गावांत नोंद झाली नाही, तिथे सत्तरीच्या पुढच्या बायका अजून आहेत. त्यांना जात्यावर बसून लहानपणी काय ऐकलं ते आठवतं. नोंद करताना त्यांना विचारून करावी, त्यांच्या वेळेनं करावी, आणि नाव लिहावं. ध्वनिमुद्रण संपल्यावर यंत्र बंद करून तिथेच थोडा वेळ बसावं, कारण दुसरी बाई नेहमी बसत असे. उत्रोलीत, भोरमध्ये, वेल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे: तुमच्या घरात किंवा शेजारी अशी बाई असेल, तर हे काम कुणा संस्थेची वाट न पाहता या उन्हाळ्यातच सुरू करा.